मधूच्या दुकानातल्या चिठ्ठ्या

प्रिय मधू,

उद्या सकाळी केतकी तुझ्या दुकानातल्या चिठ्ठ्यांचं पुस्तक छापायला देणार आहे. केतकी म्हणजे ती मूळची पुण्याची, इथं शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला ऑफिसात असलेली, दर शनिवारी एवढ्या ट्रॅफिकमधून जयनगरला येऊन तुझ्या बाकावर बसणारी. पुस्तकावर नाव कसं घालायचं ते मी तिला सांगून टाकलंय. तू जाऊन पाच महिने झाले, तुला विचारायची सोय नव्हती. पण तुला न कळवता करायचं मला जमेना. तुला मात्र जमलं की, इतकी वर्षं!

ती पहिली दोन खोकी आठवतात तुला? तेव्हा तू दुकानात सिनेमाच्या कॅसेट विकायचास. एक म्हातारं जोडपं घर आवरून मुलीकडे परदेशी चाललं होतं, त्यांनी जॅझच्या रेकॉर्डची दोन खोकी तुझ्या गळ्यात मारली. ती तू घरी आणलीस आणि वैतागून म्हणालास, "अक्का, ह्यात गाणंच नाही. नुसतं वाजवायलेत. कोण घेणार हे?"

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायची. सकाळची ड्यूटी करून आले होते. तू सुई ठेवलीस आणि मी भिंतीला टेकून ऐकत बसले. म्हटलं, "गाणं नाही कसं? तो ट्रम्पेटवाला काहीतरी विचारायलाय, आणि पियानोवाला उत्तर द्यायचं टाळायलाय. नवरा-बायकोसारखं."

तू हसलास. एका पाकिटाच्या मागं तेच इंग्रजीत लिहिलंस, कागद कापलास आणि रेकॉर्डच्या कव्हरला चिकटवलास. दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्ड गेली. संध्याकाळी तू कोपऱ्यावरच्या बेकरीतून तिखट खारा बिस्किटं घेऊन आलास आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणालास, "अक्का, अजून एक ऐकतीस काय?"

मला संगीत कुणी शिकवलं नव्हतं. पण तोवर पंधरा वर्षं कानाला हेडफोन लावून मी अनोळखी माणसांची बोलणी जोडली होती. हॅलो म्हणायच्या आधी माणूस श्वास घेतो ना, त्यावरूनच मला कळायचं, की हा आता नोकरी लागल्याचं सांगणार आहे की घरातलं कुणी गेल्याचं. तुझ्या रेकॉर्डीही मी तशाच ऐकल्या. वाजवणाऱ्यांची नावं मला आजही येत नाहीत. कोण कशाला घाबरलाय, कोण कुणावर रुसलाय, ते मात्र कळायचं.

मग दर रविवारी दुपारी आपलं ठरून गेलं. तुझी शैला आत स्वयंपाकघर आवरायची, मी शेंगा सोलत ऐकायची, आणि तू मांडीवर वही घेऊन बसायचास. माझं इंग्रजी "नंबर प्लीज"पुरतं, म्हणून मी मराठीत बोलायची आणि तू ते इंग्रजीत करायचास. कधी अडलास की विचारायचास, "अक्का, रेंगाळणं म्हणजे इंग्रजीत नक्की कुठला शब्द घालू?" मी म्हणायची, ते तुझं काम. मला वाटायचं, किती छान वाटणी आहे ही. मी ऐकायचं, तू लिहायचं.

दुकान त्या चिठ्ठ्यांमुळं चाललं, हे तूच म्हणायचास. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. आजूबाजूची गाण्याची दुकानं मोबाइलची झाली. तुझ्याकडे मात्र लोक येत राहिले. कुणालाही तू नुसती रेकॉर्ड देऊन वाटेला लावायचा नाहीस. बाकावर बसवायचास, पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद करायचास, एक बाजू पूर्ण ऐकवायचास. माणसं घाम पुसत ऐकायची आणि चिठ्ठी वाचायची. घरी येऊन तू सांगायचास, आज एकानं चिठ्ठी वाचली आणि पुन्हा वाचली आणि म्हणाला, माझे वडील असेच होते. ऐकून मला आठवडाभर बरं वाटायचं. त्या माणसाला तू सांगितलं असशील, हे माझ्या बहिणीचं आहे, असं मी धरून चालले होते. कधी विचारलं नाही. सख्ख्या भावाला असं कोण विचारतं?

दुकानात यायचं म्हटलं की तू म्हणायचास, "जिना चढवत नाही तुला. आणि तिथं सगळे इंग्रजीत बोलणारे, कंटाळशील." मला वाटायचं, माझ्या गुडघ्यांची काळजी करतोस. एकदाच मी न सांगता आले, आठवतं? एक गृहस्थ रेकॉर्ड हातात धरून विचारत होते, ही कशी आहे. माझी ऐकलेली होती. मी कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली, "हा माणूस दार अर्धं उघडं टाकून जातो," एवढंच म्हटलं आणि तू मध्येच म्हणालास, "अक्का, खाली जाऊन चहा सांगून ये की, स्वल्प लवकर." मी गेले. जिना उतरून गेले, चढून आले. तोवर ते गृहस्थ निघून गेले होते.

तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटतं.

तू गेल्यावर महिन्याभरानं तुझ्या गिऱ्हाइकांनी दुकानात सभा ठेवली. रविवारी सकाळी. शैला आणि मी पहिल्या रांगेत. बाकावर तुझा फोटो होता. एकेकानं उठून आपल्या आवडीची चिठ्ठी वाचली. मला इंग्रजी सगळं समजत नव्हतं, पण ओळखू येत होतं. आपलंच लेकरू दुसऱ्याच्या कपड्यात आल्यासारखं. माझे डोळे भरले. शेजारच्या बाईंनी माझा हात धरला, त्यांना वाटलं भावासाठी रडतेय. भावासाठीही होतंच ते.

मग त्यांनी एक व्हिडिओ लावला. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दुकानात काढलेला. तू काउंटरमागं, तो चौकड्यांचा शर्ट. एकानं विचारलं, हे सगळं लिहितं कोण? तू म्हणालास, मीच. त्यानं विचारलं, घरी कुणी ऐकतं का जॅझ? आणि तू हसून म्हणालास, घरी माझी मोठी बहीण आहे, तिला हे सगळं भांडी पडल्यासारखं वाटतं.

एवढं इंग्रजी मला येतं, मधू.

सगळे हसले. मायेनंच हसले, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्या बायकांकडे बघतात तसं. शैलाही हसली, आणि मग तिचं हसू थांबलं. कारण तिला माहीत होतं. इतके रविवार ती आतून ऐकत होती.

आणि मी काय केलं ठाऊक आहे? उप्पीट आणि गोड केसरीबात खाल्ला. लोक भेटायला आले, त्यांना म्हटलं, "हो, फार छान लिहायचा." तुझं खोटं मी माझ्या तोंडानं पुढं चालवलं. घरी येऊन त्याचाच जास्त राग आला.

तू नुसता गप्प राहिला असतास तरी मी समजून घेतलं असतं. दुकान तुझं, इंग्रजी तुझं, तुझ्या नावावर खपलं तर खपू दे. पण भांडी कशाला म्हणालास? शब्द घेतलेस ते घेतलेस, माझे कानही नव्हतेच असं सांगितलंस. अगदी सहज सांगितलंस. पहिल्यांदा सांगत नव्हतास, हे त्या सहजपणावरूनच कळत होतं. आवाज ओळखायची नोकरी केली आहे मी.

नंतर केतकी घरी आली, जे. पी. नगरला. चिठ्ठ्यांचं पुस्तक करायचं ठरलं होतं, सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून. जुन्या वह्या काही सापडतात का, ते बघायला आली होती. सोबत एक रेकॉर्ड आणली होती. तू मागवलेली, तू गेल्यावर पोचलेली.

म्हणाली, "मावशी, ही लास्ट पार्सलमधली. ह्याच्यावर चिठ्ठीच नाहीये. आता कोण लिहिणार? मी ऐकून बघते जरा, चालेल ना?"

तिनं तुझ्या प्लेअरवर लावली. कुणीतरी बाई गात होती. मी अवरेकाळूच्या शेंगा सोलत होते. गाणं संपत आलं आणि मी ठरवलं नसताना बोलून गेले, "ह्या बाईला शेवटची ओळ म्हणायचीच नाही. म्हटली की घरी जावं लागेल."

केतकीनं सुई उचलली. "मावशी, परत म्हणा."

मी परत म्हटलं. मग मोबाइल काढून त्यातली एक जुनी चिठ्ठी तिनं अडखळत मराठीत केली. "हा ड्रमर पाहुणा आल्यासारखा वाजवतो..."

"चपला दारातच काढतो आणि कोपऱ्यातली खुर्ची धरतो," मी म्हटलं.

आतून शैलाची हाक आली, "अक्का, कुकर बघता काय जरा?"

मी उठले नाही. बसल्या जागी केतकीला सगळं सांगितलं, पहिल्या दोन खोक्यांपासून. शेवटी म्हणाली, "मी काकांना एकदा विचारलं होतं, हे शब्द तुम्हाला सुचतात कसे? ते म्हणाले, एकटा बसलो की सुचतात. मावशी, मला तेव्हा किती भारी वाटलं होतं." तिचा चेहरा पडला होता. तुझ्यावर जीव टाकणारी पोर ती. तिलाही तू तेच खोटं दिलंस.

ती गेल्यावर शैला माझ्यासमोर येऊन बसली. "अक्का, हे गेले. लोक त्यांना त्या चिठ्ठ्यांसाठीच आठवतात. तेवढंच राहिलंय त्यांचं. तुम्हाला आता ह्या वयात काय मिळणार?"

मी म्हटलं, "माझंही तेवढंच आहे की."

मग आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, औषधाची आठवण म्हणून गोळी ताटाशेजारी ठेवायची, पण शब्द नाही.

त्या आठ दिवसांत केतकी रोज ऑफिसातून सुटल्यावर फोन करायची आणि चिठ्ठ्या मराठीत वाचून दाखवायची. मी सांगायची, ही माझी, ही त्याची. तुझ्या स्वतःच्या थोड्या निघाल्या. काही अगदीच कोरड्या होत्या. एक मात्र सुरेख होती, पावसात थांबलेल्या बसबद्दलची. ती ऐकून मी केतकीला दोनदा वाचायला लावली. तुला जमत होतं रे. मग माझ्यामागं का लपलास, आणि मला का लपवलंस?

आणखी एक सांगते. मी शेवटच्या चिठ्ठीपर्यंत ऐकत राहिले ते वेगळ्याच कारणासाठी. वाटलं, एका तरी चिठ्ठीत कुठंतरी "अक्का म्हणते" असं येईल. नाव नको, कुणी ओळखणार नाही असा एखादा शब्द चालला असता. नव्हता.

आज सकाळी शैला कॉफी घेऊन आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "पुस्तकावर पहिलं नाव तुमचंच घालायला सांगा. तुम्ही मोठ्या आहात."

मी म्हटलं, सरी, तसंच सांगते.

ती गेली नाही. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी त्यांना एकदा म्हटलं होतं, अक्कांचं नाव सांगा की लोकांना. ते म्हणाले, सांगितलं तर लोक तिलाच भेटायला येतील."

तेव्हापासून मी हे पत्र लिहितेय. दुपार झाली.

आले असते तर काय झालं असतं, मधू? मी रिटायर झाल्यापासून तू सकाळी दुकानात, शैला शाळेत नोकरीवर. एवढ्या घरात दिवसभर माझ्याकडे येणार कोण होतं? दाराची बेल वाजली तर कुरिअरवाला, तोही शेजारच्यांचा पत्ता विचारायला. एखादा माणूस रेकॉर्ड काखेत मारून आला असता, मी त्याला चहा दिला असता, आम्ही एक बाजू ऐकली असती. तुझं काय गेलं असतं? तुझ्या दुकानातून एक माणूस आपल्या घरात आला असता, एवढंच ना?

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. तसं अजून झालेलं नाही. होईल की नाही, ठाऊक नाही.

पुस्तकात असं छापलं जाईल: ऐकलं मालतीनं, इंग्रजीत लिहिलं मधुकरनं. तुझ्या स्वतःच्या चिठ्ठ्या शेवटी वेगळ्या, फक्त तुझ्या नावानं. पावसातल्या बसची सगळ्यात आधी. तो व्हिडिओ नेटवरून काढून टाकायचा का, असं केतकीनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे, त्यात तो छान दिसतो.

एक वचन देते. तुझ्याबद्दल मला कुणीही विचारलं, तर आहे तेवढं सगळं सांगेन. तू माणसांना कसा बसवून घ्यायचास, पंखा कसा बंद करायचास, ते सांगेन. काय लपवलंस, तेही सांगेन. तुझ्या चांगल्यातलं मी एक अक्षर कमी करणार नाही. माझ्याबद्दल बोलताना तू एवढंच करायला हवं होतंस.

तुझी,
मालतीअक्का