पहिल्या मात्रेचं भांडण

प्रिय स्टाथिसकाका,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण लिहिलं. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला नीट भांडता येत नाही. तीन वर्षं तुमच्याशी इंग्रजीत बोलले आणि दर वेळी शेवटी "इट्स ओके" म्हणून गप्प बसले. आता नाही!

आज दुपारी एलेनीचा फोन आला. तुमची लेक बॉस्टनहून आलीय, घर आवरतेय. रविवारी तुम्हाला जाऊन चाळीस दिवस होतील. चर्चमध्ये प्रार्थना, मग तळघरातल्या हॉलमध्ये सगळ्यांना उकडलेले गहू, साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले. "मंजिरी, विल यू सिंग?" तिनं विचारलं, "बाबाची ती सात मात्रांची चाल?" बाबाची! मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला. उद्याच्या आत तुमच्याशी भांडून घ्यायलाच हवं. तुम्ही तर अर्ध्या भांडणातून उठून गेलात!

आठवतंय, पहिल्यांदा कसे आला होतात? एडिसनच्या आमच्या घरात, बेसमेंटमध्ये, मी शनिवारी चार मुलींना गाणं शिकवत होते. समोरच्या घरातले, कधी 'हॅलो'च्या पुढे न गेलेले एक म्हातारे गृहस्थ जिना उतरून थेट आत आले आणि म्हणाले, "आमच्या ग्रीक लग्नातला नाच तुम्हाला कोणी शिकवला?" टेबलावर बोटं आपटून सात मोजलेत. तीन, दोन, दोन. मी म्हटलं, हा आमचा रूपक ताल आहे, तुम्हालाच कोणी दिला? पहिली भेट आणि पहिलं भांडण एकाच वेळी झालं.

आणि मी तुम्हाला 'काका' म्हटल्यावर तुमचा झालेला चेहरा! ग्रीकमध्ये काका म्हणजे वाईट गोष्टी, आणि बाळाच्या लंगोटात जे सापडतं तेही! मग इतके हसलात की मुली घाबरल्या. "म्हण, म्हण, शोभतं मला," म्हणालात. आता वाटतं, खरंच शोभत होतं.

मला तुम्ही आवडायचात हो. तुमच्या त्या पियानोच्या खोलीत सकाळी ऑर्केस्ट्राचे मोठे मोठे कागद असायचे आणि दुपारी त्याच टेबलावर गाणी. "सकाळी बसून ऐकणाऱ्यांसाठी लिहितो, दुपारी उठून नाचणाऱ्यांसाठी," असं तुम्ही ऐटीत सांगायचात. पण एकदा कॉफी पिताना वेगळंच सांगितलंत. तरुणपणी तुमचं एक गाणं गावातल्या प्रत्येक खानावळीत वाजायला लागलं आणि तुमच्या संगीत विद्यालयातल्या गुरूंनी, बाजारू गाणी करतो म्हणून, तुम्हाला पाहून तोंड फिरवलं आणि रस्ता ओलांडला. ते तुम्हाला टोचत होतं. पन्नास वर्षांनंतरही!

मग माझ्याबाबतीत तुम्ही तेच कसं केलंत?

ती चाल माझी होती. पुण्यात आई आजारी पडली, माझ्या व्हिसाचा घोळ झाला आणि मला जाता आलं नाही, त्या दिवसांत सुचलेली. शब्द माझे, चाल माझी, ताल रूपक. आईला फोनवर ऐकवलेली, आणि नंतर फक्त तुम्हाला. तुम्ही म्हणालात, ह्यावर ऑर्केस्ट्रासाठी रचना करतो आणि तूच गायचंस. मी ओक ट्री रोडवर जाऊन साडी घेतली, काका. मोरपंखी. ऑफिसात सुट्टी टाकून ठेवली.

आणि कार्यक्रमाच्या महिनाभर आधी फोन. "कंडक्टरला ट्रेन्ड व्हॉइस हवाय. तू समजून घेशील. तुझा आवाज लोकांचा आहे, मंजिरी, मोकळा. नंतर रेस्टॉरंटमध्ये पार्टी आहे, तिथे तू गा!"

ट्रेन्ड व्हॉइस! अठरा वर्षं मी गुरूंसमोर बसले. एकेका सुरासाठी बोलणी खाल्ली. शास्त्रीय, शास्त्रीय म्हणतात ते ह्यालाच ना? पण तुमच्या हॉलमध्ये ते झालं 'लोकांचं'. ज्या दारात तुम्हाला अडवलं होतं, त्याच दारात तुम्ही उभे राहिलात आणि मला अडवलंत. लाज नाही वाटली?

मी गेले तरी. साडी नेसून, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन, चौदाव्या रांगेत बसले. पुस्तिका उघडली तर छापलेलं, 'एका भारतीय लोकधुनेवर आधारित'. माझी आई लोकधून होती का?

आणि मग ती पहिली मात्रा! रूपकात पहिली मात्रा खाली असते, तिथे टाळी द्यायची नाही, हात नुसता उलटा करायचा. "खाली म्हणजे?" तुम्ही विचारलं होतं. मी घाईत म्हटलं, "एम्प्टी." ती माझी चूक, मान्य. पण मी गाताना ऐकत नव्हतात का? त्या मात्रेवर हात रिकामा असतो, गळा नाही! माझी चाल तर तिथूनच उठते. तुम्ही मात्र माझ्या गळ्यापेक्षा हातावर विश्वास ठेवलात. दर आवर्तनाला, माझ्या जागी गाणाऱ्या बाईसकट, सगळा ऑर्केस्ट्रा एक मात्रा गप्प. वर पुस्तिकेत ज्ञान, 'भारतात पहिली मात्रा देवासाठी मोकळी सोडतात'. कुठल्या देवासाठी? कोणी सांगितलं? लोक मात्र त्या शांततेवर खूश होते. गाणारी बाई चांगली गायली, ह्याचा तर आणखी राग आला.

बाहेर लॉबीत तुम्ही लहान मुलासारखं विचारलंत, "कसं झालं?" मी म्हटलं, "नाइस." त्यानंतर आठ महिने बोलले नाही.

तुम्ही फोन केलेत. दारात अंजिरं ठेवून गेलात. प्रसाद म्हणायचा, "अगं, कॉल बॅक कर ना यार त्यांना, किती ताणशील?" मी ताणलं. एका रविवारी तुम्ही कागदांची गुंडाळी घेऊन दारात आलात. ऋचानं हाक मारली, "आई, ही इज हिअर अगेन!" मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. तिथूनच खुणेनं सांगितलं, मीटिंगमध्ये आहे म्हण. तुम्ही तिला म्हणालात, "एकच जागा विचारायची होती." आणि गेलात. तीन आठवड्यांनी हॉस्पिटल, आणि मग एलेनीचा मेसेज.

तुम्ही आजारी आहात हे सांगायला काय झालं होतं? मी आले असते. रागावलेली का होईना, आले असते! मला काय माहीत, पोळ्या लाटून होईपर्यंतही तुम्हाला वेळ नव्हता ते.

संध्याकाळी एलेनी ते कागद देऊन गेली. टेबलावर उघडून बसलेय. पहिल्या मात्रेवरची शांततेची खूण तुम्ही खोडलीय. प्रत्येक ओळीत. तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आणि शेजारी, 'ती इथे गाते?'

गाते, काका, गाते! इतका वेळ लागला?

मी रडले, हे कबूल. पण विरघळले नाही. कारण मग पहिलं पान पाहिलं. तिथे अजून 'भारतीय लोकधून'च आहे. तिथे पेन्सिल पोचली नाही. एका मात्रेबद्दल शंका आली तुम्हाला, माझ्याबद्दल नाही आली. की तेही विचारायला आला होतात, आणि मीच दार उघडलं नाही? हे आता मला कोण सांगणार?

तर ऐका. रविवारी मी येतेय. तुमच्या लोकांसमोर, चर्चच्या त्या तळघरातल्या हॉलमध्ये उभी राहीन आणि आधी सांगीन की ही लोकधून नाही, ही चाल माझी आहे, माझ्या आईसाठी केलेली, आणि तिच्याभोवती जे सुंदर आहे ते तुमचं. मग गाईन. पहिल्या मात्रेपासून, पूर्ण गळ्यानं. कोणाला नाचावंसं वाटलं तर नाचू दे. माफ मात्र इतक्यात करणार नाही. ते हळूहळू, जमेल तसं, पण करीन, हे वचन.

आणि पहिल्या पानावरची ती ओळ मी आत्ताच खोडली. पेन्सिलीनं नाही, पेनानं. तिथे आता असं लिहिलंय:

शब्द आणि चाल
मंजिरी देवस्थळी