नाथाजीच्या गोठ्यापर्यंत

विश्रामबाग, सांगली
१२ जानेवारी १९९६

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. साखरेसाठी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. पण महेंद्रचे बाबा फिरायला गेले नि रस्त्यातच कोसळले, तेव्हापासून चप्पल घालतानाच छाती धडधडते. म्हणून मीच दुधाचा रतीब बंद केला. आता नाथाजी गवळ्याच्या गोठ्यापर्यंत जावंच लागतं.

"आवं मावशी, मी दारात आणून देतो की!" नाथाजी म्हणतो.

"नको रे बाबा, मग मी उठायचीच नाही."

आठ दिवसांत एकही खाडा नाही. महेंद्र खूश आहे. पिशवीत मी नावपत्त्याची चिठ्ठी ठेवते, हे त्याला माहीत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? जमलं तर चार दिवस ये. कॉन्व्हेंटच्या रांगेत माझा हात धरायचीस, तसा धर. मग मी एकटी बिनघोर जाईन.

तुझी धाकटी,
रत्ना