'अंबिका-लग्न' नावाचा रंग

सिव्हिल लाइन्स, झाशी

अंबिकाजिजी,

कॉमिकमधली काळीकुट्ट आफ्रिकी नायिका नव्या अंकात गोरी झाली म्हणून तू फेसबुकवर लिहिलंस, "रंग भरणाऱ्याला लाज वाटायला हवी." तो रंग तुझ्या धाकट्या भावाने भरलाय. कंपनीतून फोन आला होता, "भैया, जरा साफ कर दो इसको."

नवा रंग मी शोधलाच नाही. कॉम्प्युटरवर 'अंबिका-लग्न' नावाने एक जपून ठेवला होता, तोच ओतला. स्थळांना पाठवायच्या तुझ्या फोटोला लावलेला. तेव्हा तू खूश होऊन मला जिलेबी खाऊ घातली होतीस. मग ग्वाल्हेरची मंडळी आली, पोहे संपवले आणि मुलाची आई तुझ्यासमोरच म्हणाली, "फोटोतली मुलगी कुठंय?" मला हसू आवरलं नाही. तू भोपाळला गेलीस ती गेलीसच.

हे पत्र पाठवणार नाही. वाचताना तुझं तोंड बघायला मिळणार नसेल तर काय मजा?

वाचक खवळले तशी कंपनीने नायिकेचा मूळ रंग परत मागितला. मी तासाभरात दिला. तुझा मूळ फोटो मात्र मी त्यावर रंग चढवला तेव्हाच पुसून टाकला होता. तो आजवर कोणी मागितला नाही. तूसुद्धा नाही.

तुझा गोरा भाऊ,
सलील