पॉपलरचे शेंडे

हार्लन क्रीक, मिसुरी
सप्टेंबर १९११, गुरुवार

प्रिय आयडाताई,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. खांदा दुखतो, पण हात वर होतो. तुझ्या आई जेवतात का? इथल्या खाणावळीत दोन्ही वेळा उकडलेला कोबी, त्याच्या वासावरच चार पानं होतील.

असो. तू दोनच गोष्टी विचारल्यास. तुझा भाऊ वेंडेल कसा गेला, आणि मी हे शर्यतीचं सगळं सोडून तुमच्या शेतावर कामाला येतोय का.

एप्रिलपर्यंत वेंडेल दुधाची गाडी हाकत होता, हे इथं कुणाला पटायचंच नाही. मेमध्ये मोटारींची पहिली शर्यत, जूनमध्ये जिंकलासुद्धा! मी शेजारी बसून तेलाचा पंप मारायचो नि मागून कोण येतंय ते बघायचो. "मागे काय बघतोस लेका, पोरी येतायत का?" असं ओरडायचा.

ताई, जत्रेच्या कच्च्या धावपट्टीवर धुरळ्यात पुढचं काही दिसत नाही. म्हणून सगळे वर बघत चालवतात. इथं कडेला पॉपलरच्या उंच झाडांची रांग आहे. शेंडे संपले की वळायचं. जुलैत आम्ही तसेच वळलो होतो. या खेपेला आमची आगगाडी उशिरा आली, सरावाची फेरी बुडाली, सगळ्यांच्या मागे उभं केलं. नव्या मांडवातल्या लोकांना नीट दिसावं म्हणून शेवटची झाडं तोडली होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही. शेंडे संपले, वेंडेल वळला. तिथं वळण नव्हतं, कुंपण होतं.

त्याला फार त्रास झाला का, विचारतेस. मी गवतात फेकलो गेलो. उठून पोचलो तोवर त्याचं सगळं संपलं होतं.

गाडी मात्र ठोकून सरळ केलीय. हिरवा रंग दिलाय, बरी दिसते. गाडीचा मालक बर्डिक म्हणाला, "तुला गाडी कळते. शिवाय झाडं कुठं संपतात तेही आता कळलंय." सगळे हसले. मीही हसलो.

रविवारी मी चालवतोय.

येतो असंच लिहायला बसलो होतो, खरंच. पण शेतावर माझे पाय टिकायचे नाहीत, आणि तुझ्या आईसमोर वेंडेलच्या खुर्चीत बसून जेवायचं मला जमायचं नाही. त्याच्या गाडीत बसणं त्याहून सोपं वाटतं.

बर्डिकनं विचारलं, "काही झालं तर तार कुणाला करू?" माझं कुणी नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी थांबून राहिला. मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता. नको असेल तर शनिवारपर्यंत तारेनं कळव, काढून टाकायला सांगतो.

नाही कळवलंस, तर तुझाच,
लेस्टर