छाती चुकत नाही

आयसेलिन, न्यू जर्सी
ऑक्टोबर

प्रिय प्रल्हाद काका,

सविनय जय भीम.

हे पत्र मी नागपूरला माझ्या आईच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तुम्ही राहता त्या अंजना आत्यांच्या घरी येऊन ती ते तुमच्याच हातात देईल. फोन तुम्ही उचलत नाही, आणि मेसेज वाचता की नाही तेही कळत नाही. आधी कच्चं लिहिलं, चुका दुरुस्त केल्या, मग या कागदावर उतरवलं. रविवारच्या मराठीच्या वर्गात तुम्हीच ही सवय लावलीत. कॉलेज मला झेपलं नाही, पण सवय राहिली. जुलैमध्ये नागपूरला निघताना दोन आठवड्यांत येतो म्हणाला होतात. आता इथे पानं गळायला लागली आहेत. तुम्ही कधी येणार असं कुणी विचारलं की काकू "येतील" एवढंच म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. मागच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर तिथल्या मालिनी मावशींनी विचारलं, तेव्हा मात्र त्या उठल्या. चपला घालून बाहेर जाऊन गाडीत बसल्या.

घरचं सांगतो. थंडीच्या आधी हीटर लावून पाहिला. खाली गरम हवा येते, वर सोनलच्या खोलीत येत नाही. तिथली झडप तुम्ही कशी उघडायचात ते मी कधी नीट पाहिलं नाही. हात लावून पाहिला, पण तुटेल या भीतीने सोडून दिलं. सोनल दोन ब्लँकेटं घेऊन झोपते. काकू पुन्हा लॅबमध्ये कामाला जायला लागल्या आहेत. जेवायला वर त्या दोघीच, पण कणीक अजून चौघांची भिजवतात आणि उरलेल्या पोळ्या खाली तळघरात मला आणून देतात. मला भूक नसली तरी मी त्या खातो. अर्णवचे स्पाइकचे बूट दाराशी तसेच आहेत, मैदानाची लाल माती लागलेले. काकू त्यांना हलवत नाहीत, व्हॅक्यूम त्यांच्या भोवतीने फिरवतात.

जुलैमध्ये मी त्या सामन्याबद्दल बोलायला लागलो की तुम्ही हात वर करून मला थांबवायचात. कारखान्यातल्या पाळ्यांमुळे त्याचे या वर्षीचे सामने तुम्हाला फारसे पाहता आले नाहीत, शेवटचा तर नाहीच. पत्राला हात वर करून थांबवता येत नाही. फाडता येतं, पण मुलाबद्दल लिहिलेलं तुम्ही फाडणार नाही असं मला वाटतं. म्हणून सुरुवातीपासून लिहितो, आणि आत्यांनी वाचलं तर त्यांनाही कळावं म्हणून जरा फोड करून लिहितो.

आत्या, अर्णव बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉपला खेळायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा. जोरात मारलेले सरपटी चेंडू जास्त करून तिथेच येतात. ते अडवायचे आणि मारणारा पहिल्या बेसवर पोहोचायच्या आत तिथे फेकायचे. काका, तो लहान असल्यापासून तुम्ही त्याला पार्कमध्ये न्यायचात. मी तुमच्याकडे राहायला आल्यावर बॅटने चेंडू मारायचं काम माझ्याकडे आलं आणि तुम्ही त्याच्या मागे उभे राहायला लागलात. तुम्ही ओरडायचात, "अंग चेंडूच्या मागे लाव. हात चुकतील, छाती चुकत नाही." नागपुरात इंदोऱ्याच्या मैदानावर दगडच इतके होते की चेंडू कुठे उडेल ते सांगता यायचं नाही, ग्लव्ह तर कुणाकडेच नव्हता, म्हणून तुम्ही सगळे असंच शिकलात, हे आम्ही किती वेळा ऐकलं असेल. अर्णव चिडायचा. "बाबा, धिस इज नॉट क्रिकेट!" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "चेंडूला ठाऊक आहे का रे ते?" मी बॅट टाकून हसायचो. शाळेच्या कोचलाही तुमची पद्धत पसंत नव्हती. बाजूने ये, ग्लव्हने उचल, वेळ वाचतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी टीममधली पोरं त्याला गोलकीपर म्हणून चिडवायची.

या वर्षी कुणी चिडवलं नाही. एप्रिलमध्ये पाऊस खूप झाला, मैदानं उखडलेली होती. दुसऱ्या शाळांचे शॉर्टस्टॉप चेंडू उडाला की मान वळवायचे. अर्णव वळवायचा नाही. हातातून निसटलेला चेंडू त्याच्या छातीला लागून पायाशीच पडायचा, आणि तो उचलून फेकायचा. त्या अख्ख्या महिन्यात एकही चेंडू त्याच्या मागे गेला नाही. घरी आल्यावर शर्ट वर करून तो सोनलला निळे डाग दाखवायचा, हा मंगळवारचा, हा परवाचा, आणि काकू हळद घेऊन त्याच्या मागे फिरायच्या. बॅटही अशी चालली होती की दोन सामन्यांत तर समोरच्यांनी त्याला मुद्दामच मारण्याजोगा चेंडू टाकला नाही. मे महिन्यात एका युनिव्हर्सिटीचा माणूस स्टॉपवॉच घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसायला लागला. असं अडवायला याला कुणी शिकवलं, असं त्याने कोचला विचारलं. कोच म्हणाले, "हिज डॅड. ही प्लेड क्रिकेट समव्हेअर." अर्णवने घरात पाऊल टाकताच ते सांगितलं. तुम्ही भांडी घासत होतात. मागे वळून पाहिलं नाहीत, पण तेच एक पातेलं किती तरी वेळ घासत राहिलात. अर्णवने मला डोळा मारला होता.

जूनमध्ये बाद फेरी सुरू झाली. तिथे हरलं की सीझन संपला. पहिला सामना त्याने बॅटवर जिंकून दिला. सेमीफायनलमध्ये शेवटी शेवटी तिन्ही बेसवर समोरच्यांची माणसं होती आणि एकच जण बाद झाला होता; तिघं बाद झाले की डाव संपतो. चेंडू त्याच्याकडे आला, उडाला, खांद्याखाली लागून बाजूला पडला. त्याने झडप घालून तो उचलला, स्वतःच दुसऱ्या बेसवर पाय टेकला आणि तिथूनच पहिल्या बेसवर फेकला. एकाच फटक्यावर दोघं बाद, सामना खिशात. कोचनी त्याची टोपी डोळ्यांवर ओढली आणि "गोलकीपर!" म्हणून ओरडले. तो शब्द इतक्या कौतुकाने उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता. परत येताना माझ्या गाडीतून त्याने तुम्हाला फोन केला. मशीनचा आवाज येत होता, म्हणजे तुम्ही कामावर होतात, तरी उचललात. काय म्हणालात ते त्याने मला सांगितलं नाही. घर येईपर्यंत तो खिडकीकडे तोंड करून हसत होता.

आता फायनल. तुम्हाला सुट्टी मिळाली नाही, काकूंची लॅब होती, मी आणि सोनल गेलो. शेवटचा डाव होता. आपण एका धावेने पुढे, त्यांचे दोन बाद, आणि बरोबरी करणारा त्यांचा माणूस तिसऱ्या बेसवर. चेंडू जमिनीलगत आला, अर्णवच्या जरा डावीकडे. ग्लव्ह लांब करून उचलता आला असता, कोच सांगायचे तसा. अर्णवने झटकन सरकून अंग चेंडूच्या मागे नेलं. शेवटचा टप्पा उंच उडाला. हाताला लागलाच नाही, छातीवर बसला. त्याचा आवाज आम्ही बसलो होतो तिथपर्यंत आला. चेंडू पायाशी पडला, त्याने उचलला आणि पहिल्या बेसवर फेकला. अगदी थेट. आउट. आपण जिंकलो. पोरांनी ग्लव्ह हवेत उडवले, सगळे जाऊन चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या अंगावर पडले. मीही उभा राहून ओरडत होतो. अर्णव आपल्या जागीच गुडघ्यांवर बसला आणि पुढे वाकून कपाळ मातीला टेकलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने. सोनलने माझी बाही ओढली. "राकेशदादा, ही इज नॉट गेटिंग अप."

नंतर मशीन आणलं, त्याचा शर्ट कापला. छातीवर जुने डाग पिवळे पडत आले होते आणि मधोमध एक नवा होता, लाल. शॉक दिले, दाबत राहिले, अॅम्ब्युलन्स आली. मी सोनलचं तोंड माझ्या शर्टात दाबून धरलं होतं, पण तोवर तिने पाहिलं होतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कारखान्याच्याच कपड्यांत हॉस्पिटलमध्ये आलात आणि तोवर काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी काकूंना आणि मला समजावलं ते तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, म्हणून लिहितो. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये एक अगदी बारीक क्षण असतो. नेमका त्यात मार बसला तर धडधाकट हृदयही थांबतं. पापणी लवायच्या वेळाइतका आधी किंवा नंतर लागला असता, तर आणखी एक निळा डाग पडला असता आणि काकू हळद घेऊन मागे लागल्या असत्या. तुम्ही त्या वेळी बाहेर भिंतीला टेकून उभे होतात आणि "मी शिकवलं, मी शिकवलं" एवढंच म्हणत होतात. मग त्याच्या अस्थी मांडीवर ठेवून विमानात बसलात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. गेल्या शनिवारी काकू खाली माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "राकेश, तू तिथे होतास. त्यांना लिही की तो चेंडू अर्णव ग्लव्हनेच घेत होता, बाजूने. अंग मागे नव्हतंच. तुझ्यावर ते विश्वास ठेवतील. मग येतील." मी हो म्हणालो. कच्च्या कागदावर तसंच लिहिलंही होतं. मग सोमवारी मागच्या अंगणातून धप् धप् आवाज यायला लागला. बाहेर जाऊन पाहिलं तर सोनल अर्णवचा ग्लव्ह घालून गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत होती आणि परत येणारा प्रत्येक चेंडू छातीने अडवत होती. मी बाजूला हो म्हणून ओरडलो. ती म्हणाली, "दादा डिड इट लाइक धिस. बाबांनी शिकवलं त्याला." मी चेंडू काढून घेतला, तर दुसऱ्या दिवशी शाळेतून दुसरा घेऊन आली. काकूंना अजून माहीत नाही, त्या कामावर असताना ती खेळते. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे, काका. मी तुम्हाला काहीही लिहिलं तरी ती तसंच खेळणार आहे, आणि माझं ती ऐकत नाही. म्हणून काकूंना दिलेला शब्द मोडून जे झालं ते लिहिलं. दोष तुमचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. अंग मागे कसं लावायचं हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. चेंडू कधी सोडून द्यायचा हे कधीच शिकवलं नाहीत. गेला तर गेला, असं तिला तुम्हीच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाचं ते ती मानणार नाही. मी रोज कामावरून लवकर येऊन अंगणाच्या पायरीवर बसतो आणि प्रत्येक आवाजाला तिच्याकडे पाहतो. लवकर या.

तुमचाच,
राकेश