शाळेच्या भिंतीलगतचे अंगण

मी, खाली सही करणारी, घड्याळे दुरुस्त करून पोट भरलेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. माझे पाय जन्मापासून लुळे आहेत, डोके नाही. ज्यांना पुढे शंका येईल त्यांनी सोबतचा डॉक्टरांचा दाखला वाचावा.

१. माझे राहते घर व दुकान स्वकष्टार्जित आहे. ती दोन्ही, भिंगे-चिमट्यांसकट, माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, मिळावीत. दुकान आज तीच सांभाळते. तिच्या भावाला काही मिळू नये. मागे येऊन तो माझ्या अंगणात आपली गाडी कुठे राहील ते बघून गेला. आत्या कशी आहे, हे विचारायचे राहिले.

२. माझी आरामखुर्ची दादाला द्यावी. पाचवीपासून आमचे वर्ग वरच्या मजल्यावर भरत आणि दादा मला पाठुंगळी घेऊन जिना चढे. पोरे त्याला हमाल म्हणत, तो हसण्यावारी नेई. पुढे तो कामाला लागला. माझा वर्ग खाली घ्यावा म्हणून वडील मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, “एका मुलीसाठी सगळी शाळा खाली आणू का?” वडील मान खाली घालून परत आले.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याशी बसले आणि हातांवर जोर देत, बसल्या बसल्या एकेक पायरी चढले. तळवे सोलवटले. पोरे भिंतीला चिकटून वाट देत होती. हा काय तमाशा, असे मुख्याध्यापकांनी वरून विचारले. मी म्हणाले, “तमाशा नाही सर. वर्गात चाललेय.”

शाळा संपेपर्यंत मी तशीच चढले. लोक याला जिद्द म्हणतात. सत्काराला बोलावून मलाच ती गोष्ट ऐकवतात. जिद्द कसली? लाज शाळेची होती, ती माझ्या तळव्यांनी झाकली.

३. शेजारची भिंगरी चाकाच्या खुर्चीत असते. यंदा तिची आई प्रवेशासाठी गेली, तेव्हा आताच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, “त्या घड्याळवाल्या बाई नाही का चढल्या?” हे कळल्यावर मी रिक्षा करून तडक शाळेत गेले आणि त्यांना बजावले, की माझे चढणे या पोरीच्या माथी मारू नका. त्या वरमल्या, पण उतार बांधायला जागाच नाही म्हणाल्या. भिंतीपलीकडे तर तुमचे अंगण.

घरी येऊन भिंगरीला विचारले, तुला काय हवे? ती म्हणाली, “आई ढकलून दमते. मला माझं माझं जायचंय.”

४. सबब ते अंगण मी शाळेला देत आहे, अटींसह. भिंत पाडून तिथे तळमजल्याच्या व्हरांड्यापर्यंत उतार बांधावा. खुर्चीतल्या मुलाला कोणी न ढकलता चढता येईल इतका सौम्य. कागदोपत्री दाखवण्यापुरती उभी घसरगुंडी चालणार नाही. अशा मुलाचा वर्ग दरवर्षी तळमजल्यावर भरावा. संडासाचे दार खुर्ची आत जाईल एवढे रुंद करावे. हे वर्षाच्या आत न झाल्यास अंगण भाचीकडे जाईल आणि माझी सगळी शिल्लक शाळेविरुद्धच्या दाव्यात खर्च होईल. अंमलबजावणी भाचीने करावी. ती वकील नाही, पण भांडायला माझ्यावर गेली आहे.

५. उतारावर माझ्या नावाची पाटी नको. भाषण तर मुळीच नको.

६. मी गेल्यावर शाळेने सुट्टी देऊ नये. वर्ग भरवावेत, सगळ्यांना पोहोचता येईल तिथे.

ठिकाण: माझे राहते घर
दिनांक: शाळा उघडण्याचा आदला दिवस

सही: मृत्युपत्र करणारी

वरील सही आमच्यासमक्ष झाली. बाई पूर्ण शुद्धीत होत्या; आवाज चढलेला होता, तो नेहमीचाच.

साक्षीदार:
१. सही: समोरच्या दुकानातला चष्मेवाला
२. सही: घरचे डॉक्टर