कुंकू लागलेले पट्टे

लालबाग,
भाऊबीजेनंतरचा सोमवार

प्रिय वल्लरी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे खुशाल आहेत, कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही. लालबागहून गिरगावला पत्र टाकणारी बाई पोस्टातल्या लोकांनीही बऱ्याच वर्षांत पाहिली नसेल. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतेस, आई, बऱ्या आहात ना? मी म्हणते, हो गं, तू? मग दोघी आपापल्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकत बसतो आणि कोणीतरी एक जण ठेवून देतं. तुमचा घटस्फोट झाल्यानंतरची ही दुसरी दिवाळी. तुमचं का बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारणार नाही. विनीत माझा मुलगा म्हणून तो बरोबर आणि तू सून म्हणून तू चूक, असं मी कधी मानलं नाही. ते राहू दे. आज मला कारखान्याची गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

जाण्याआधी तू त्या पवनचक्कीच्या कंपनीला आपल्या वजन उचलायच्या पट्ट्यांचे नमुने पाठवले होतेस, आठवतं? त्याचं उत्तर यायला वर्ष लागलं, पण आलं. श्रावणात त्यांची एक मुलगी आली, अपेक्षा नावाची, पाठीवर बॅग, पायात जाडजूड बूट. आपला जिना चढून आली ती थेट मशीनपाशी गेली, चहासुद्धा नंतर घेतला. म्हणाली, काकी, देशात पवनचक्क्यांचं काम इतकं वाढलंय की पाती तयार असतात आणि ती उचलायला पट्टे नसतात. बाहेरच्या देशातून मागवायचे तर महिने जातात. मला आपलं वाटायचं की एक कंपनी म्हणजे सगळं तीच बनवत असणार. तसं नाही. बोल्ट एकाचे, काचेच्या धाग्याचं कापड दुसऱ्याचं, रंग तिसऱ्याचा. आपल्या गणपतीसारखंच, मूर्ती कोणाची, मंडप कोणाचा, हार कोणाचे, आणि नाव मंडळाचं. पातं केवढं असतं ते तिने मोबाइलवर दाखवलं. आपल्या चाळीच्या या टोकाच्या नळापासून त्या टोकाच्या जिन्यापर्यंत झोपवलं तरी बाहेर उरेल. ते क्रेनने वर जाताना त्याच्या अंगाभोवती आपला पट्टा असणार, हे ऐकून माझ्या शेजारच्या मशीनवरच्या चंपाने दोन्ही हात कानांवर ठेवले.

तिने सांगितलं, पहिली खेप बघू, ती पसंत पडली तर कायमचे पुरवठादार म्हणून तुमचं नाव लागेल. तुला सांगायला नको, हे काम आपल्यासाठी काय होतं. ह्यांची गिरणी बंद पडल्यावर ह्यांनी मंडपांच्या कनाती शिवायला घेतल्या. हे गेल्यावर तेच काम मी आणि चंपाने पुढे ओढलं. पण आता मंडपवाल्यांना सगळं तयार आणि स्वस्तातलं मिळतं. तू कापडाचं इंजिनिअरिंग शिकून आमच्या घरात आलीस आणि वजन उचलायचे पट्टे शिवायला लावलेस म्हणून गाडा चालला. तू गेल्यावर तोही खडखडायला लागला. जागेचा मालक दर महिन्याला गोड बोलून विचारत होता, वहिनी, दमलात ना आता? हे काम हातचं गेलं असतं तर दसऱ्यानंतर मी त्याला हो म्हणून जागा सोडणार होते. कामावरच्या पोरींना तसं सांगूनही ठेवलं होतं.

मग काय, सगळ्या पेटल्या. चंपाने गौरीला गावी जायचं रद्द केलं, मी लग्न होऊन इथे आल्यापासून पहिल्यांदा. तू आखून दिलेल्या शिवणीत एक टाका इकडचा तिकडे नाही. नवमीच्या आधी सगळे पट्टे तयार होऊन आकड्यांना टांगले होते. आणि मग आली खंडेनवमी. मशीनची पूजा झाली, कात्रीची झाली, झेंडूचे हार घातले. चंपा म्हणाली, "यंत्राक कुंकू, आणि मालाक नको? लक्ष्मीक कुंकू लावल्याबिगर भायर कशी धाडूची?" मलाही पटलं. ह्यांच्या वेळेपासून पहिली कनात हळदकुंकू लावूनच बाहेर पडायची. आम्ही दोघींनी हौसेने एकूण एक पट्ट्याला हळदीचं आणि कुंकवाचं बोट लावलं. शेवटचा पट्टा होईपर्यंत बोटं रंगली होती आणि आम्ही आपल्याच कामावर खूश होतो. तू हसतेस ना आता? हस. काय चुकतंय ते तेव्हा कारखान्यात कोणालाच कळलं नाही, कारण जिला कळलं असतं ती गिरगावात बसली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अपेक्षा आली. पहिला पट्टा हातात घेतला, डागावरून अंगठा फिरवला आणि तिचा चेहराच उतरला. मी घाईघाईने सांगितलं, अगं, कुंकू आहे ते, पूजेचं. ती म्हणाली, काकी, मला पटतं, पण तिकडे पवनचक्क्यांच्या पठारावर क्रेनखाली जो उभा असेल त्याला कसं कळणार? त्याला तो रसायनाचा डाग वाटणार, आणि डाग असलेला पट्टा वापरायचा नाही हा त्याचा नियम. शिवाय कुंकवात चुना असतो आणि चुना या धाग्याला खातो. तू चंपाला पानाची डबी जिन्यात ठेवायला लावायचीस ती याच चुन्यासाठी, आणि आम्ही तुझ्या पाठीमागे म्हणायचो की गिरगावच्या प्रभूंच्या घरातली पोर, सोवळं जरा जास्तच आहे. चंपा तिथेच जमिनीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मला रडूही येईना.

खालच्या मजल्यावरचा राजेश मंडपवाला लगेच वर आला. अशा बातम्यांना पाय असतात. म्हणाला, काकी, मला द्या, धुऊन घेतो, कमानी चढवायला कामाला येतील. खरं सांगते, क्षणभर मन डळमळलं. महिन्यांची मेहनत होती ती. पण तू एकदा याच राजेशवर कडाडली होतीस ते माझ्या कानात होतं, की बाद पट्टा कापूनच टाकायचा, नाहीतर कोणीतरी तो उचलतो आणि त्याच्या ओझ्याखाली कोणाचातरी नवरा उभा असतो. मी मोठी कात्री घेतली, परवाच पुजलेली, आणि एकेक पट्टा मधोमध कापला. मग चंपा उठली, डोळे पुसले आणि दुसरी कात्री घेऊन माझ्या शेजारी बसली. कोणी सांगितलं नव्हतं आम्हाला. अपेक्षा नुसती बघत होती. सगळं कापून झाल्यावर तिने तिच्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ गॅलरीत उभी राहून बोलली आणि आत येऊन म्हणाली, काकी, पुन्हा शिवा. दिवाळीपर्यंत मी थांबते.

यंदा आमच्याकडे करंज्या झाल्या नाहीत, चकल्या विकतच्या आणल्या. फराळाचं ताट घेऊन सगळ्या मशीनवरच बसलो. नवीन खेप झाली, आणि गेल्या शनिवारी विनीतने गाडीने मला आणि चंपाला चाचणीच्या ठिकाणी नेलं. तिथे पट्टा यंत्रात अडकवतात आणि तुटेपर्यंत ओढतात. त्यावर लिहिलेल्या वजनाच्या सात पट ओढ त्याने सोसायला हवी. काचेमागे तो तारेसारखा ताणला जात होता. चंपा गावच्या वेतोबाला नवस बोलत होती, मी तिला म्हटलं, बोल, पण कुंकू लावायचं कबूल करू नकोस. सात पट झालं, त्याच्याही पुढे काटा गेला, आणि मग एकदम आवाज झाला. बघितलं तर पट्टा मधे फाटला होता आणि शिवण जशीच्या तशी. टाका सुटला नव्हता गं! मी त्या परक्या जागेत टाळ्या वाजवल्या, लाजबीज काही वाटली नाही. आपलं नाव लागलं, वल्लरी. आता दर महिन्याला खेप जाणार आहे, आणि जागेच्या मालकाला मीही गोड बोलूनच ‘नाही’ म्हटलं.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. अपेक्षाने तिथेच विचारलं, काकी, ही शिवण बसवली कोणी? मी म्हटलं, माझ्या सुनेने. जिभेला हाड नसतं. चंपा चपलेकडे बघायला लागली, विनीत भिंतीकडे. त्या पोरीला काय ठाऊक? ती म्हणाली, कुठे आहेत त्या, आता मोठ्या पात्यांसाठी रुंद पट्टे लागणार, मला त्यांच्याशीच बोलायचंय. आणि मी देवाच्या शपथेवर सांगते, डोळ्याची पापणीही न हलवता बोलले, की आज ती दुसऱ्या कामाला गेली आहे, पुढच्या खेपेला भेटेल, कारखान्यात माझी निम्म्याची भागीदार आहे ती. परतताना परळच्या पुलावर विनीत एवढंच बोलला, आई, तूच लिही तिला, आणि लिही की मी कारखान्यात येत नाही, तिला अवघड वाटायला नको. सुनेला बोलवायचा हक्क मला आता राहिला नाही, आणि तशी मी बोलावतही नाही. मला तू हवी आहेस, त्या शिवणीसाठी, त्या रुंद पट्ट्यांसाठी, आणि उगाच का लपवू, दुपारी समोर बसून माझ्या आमटीला नावं ठेवण्यासाठीही. अपेक्षा येत्या गुरुवारी येते आहे. मी तिच्याशी चक्क खोटं बोलले आहे, वल्लरी. ते खरं करायला ये.

तुझीच,
कमल